आमच्या ट्रकचा ठोका

जावयाने गेल्या महिन्यात जुना ट्रक घ्यायचं काढलं, तेव्हा घरात चार दिवस एकच विषय होता. इंजिन किती चालेल? जावई मोबाईलवर बघत होता, लेक त्याच्या खांद्यावरून डोकावत होती, आणि मी कोपऱ्यात लसूण सोलत बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला इंजिनातलं काय कळणार, असं त्यांना वाटलं असेल. पण साडेसहा वर्षं मी एका जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून काढली आहेत, आणि तीही फिरायला म्हणून नव्हे. विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही, म्हणून लिहिते.

तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहायचो. आमचे हे गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे जिथे साच्यांवर, मागांवर, कापड विणतात तिथे. अठरा वर्षं साच्यावर काढलेली. मी घरातच खानावळ चालवायची. सोळा माणसं जेवायला, बहुतेक सगळी कोकणातली आणि बहुतेक साचेखात्यातली. ह्या माणसांची एक गंमत होती. साच्यांच्या खटखटाटात बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे एकमेकांच्या ओठांकडे बघून आणि हातांच्या खुणा करून बोलायची त्यांना सवय. माझ्या पंगतीत भाताला हाक मारायची पद्धत नव्हती. बोट वर झालं की भात, मूठ वळली की आमटी. आणि तोंडाने बोलायला लागले की तीन खोल्यांपलीकडे ऐकू जायचं. आमच्या घरात गुपित म्हणून काही राहिलंच नाही.

मग संप झाला. पहिले दोन महिने सगळे रोज संध्याकाळी नाक्यावर जाऊन यायचे आणि आता मिटेल म्हणायचे. सहा महिन्यांनी पंगतीत चार माणसं उरली. वर्ष उलटलं तेव्हा मी मोठं पातेलं घासून, पालथं घालून माळ्यावर टाकलं. काहीजण गावी गेले, काहीजण मान खाली घालून परत कामावर गेले. ह्यांना दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. गावाहून थोरल्या दिरांचं पत्र आलं होतं की इथे दोन घास आहेत, या. पत्र प्रेमाचंच होतं, पण मला माझी जाऊ माहीत होती, आणि ह्यांना भावाच्या ओसरीवर बसून खायचं नव्हतं. लेक चौथीत होती, हुशार होती. तिची शाळा सोडवायची मला अजिबात तयारी नव्हती.

गिरणीत लागण्याआधी हे दोन वर्षं मामाच्या लॉरीवर होते. जड गाडीचं लायसन तेव्हाचं, आणि कशासाठी कोण जाणे, ते त्यांनी दर वेळी नवं करून ठेवलेलं. त्या लायसनच्या जोरावर जुना ट्रक घ्यायचं ठरलं. पैसे कुठून आणले ते सांगत बसत नाही; घरात जे विकण्याजोगं होतं ते विकलं, एवढं पुरे. ट्रक चालला तर मुंबई, नाही तर गाव, इतका सरळ मामला होता. विकायला दुसरं काही उरलं नव्हतं.

ट्रक शिवडीला होता. बघायला हे गेले आणि सोबत बाजूच्या साच्यावरच्या मित्राला घेऊन गेले, एकाला दोघं बरे म्हणून. दोघांचे मिळून चार कान, आणि चारही साचेखात्यातले. विकणाऱ्याने इंजिन चालू करून दाखवलं. ह्यांनी साच्यावर ठेवायचे तसा बॉनेटवर पंजा ठेवला, मित्राने दुसऱ्या बाजूने ठेवला, दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली आणि सौदा झाला. घरी येऊन मला सांगितलं की इंजिन काय आहे म्हणून सांगू, हाताला गोड लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक चाळीसमोर पूजेला आणला. जास्वंदीचा हार, लिंबू-मिरची, नारळ, सगळं झालं. चाळीच्या तिन्ही गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. वर्षभरात कुणाच्या घरी नवं काही आलं नव्हतं, त्यामुळे लोकांना आमच्या ट्रकाचाही आनंद झालेला. मी ताट घेऊन पुढे झाले आणि ह्यांनी इंजिन चालू केलं.

आत कुणीतरी खलबत्त्यात सुंठ कुटत असावं, तसा आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक. मी वर बघितलं. गॅलरीतली माणसं एकमेकांकडे बघत होती, पण पूजेच्या वेळी वाईट बोलू नये म्हणून सगळे गप्प. हे केबिनमधून उतरले, हसत हसत नारळ उचलला आणि फोडला. मी जवळ जाऊन विचारलं, “हो आवाज कसलो?”

“कसलो आवाज?” हे म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. हातातल्या खोबऱ्याचे तुकडे करून ते पोराटोरांना वाटायला लागले, आणि मी ताट धरून तशीच उभी राहिले. मागून मारलेली हाक त्यांना कधीच कशी कळत नाही, दारावरची थाप कशी कळत नाही, हे सगळं त्या एका मिनिटात माझ्यासमोर आलं. इतकी वर्षं मी समजत होते की ते मुद्दाम लक्ष देत नाहीत. बायकोचं बोलणं नवऱ्याला ऐकू न येणं ही काही नवलाची गोष्ट नाही, त्यामुळे मला संशयच आला नव्हता. त्या सकाळी ट्रक फसवा निघाला याचं मला दुःख झालंच. पण त्याहून जास्त, ह्यांचे कान गेलेत आणि मला माहीतही नव्हतं, याची लाज वाटली.

शिवडीला ट्रक उभा करायच्या जागेजवळ एक मिस्त्री होते. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, वयाने मोठे, बोलायला गोड. मी डबा द्यायचं निमित्त करून गेले. त्यांनी दहा मिनिटं इंजिन ऐकलं आणि ह्यांना समजावून सांगायला लागले. हे मान डोलवत राहिले. साचेखात्यातली माणसं ऐकू आलं नाही की मान डोलवतात. मिस्त्रींच्या ते लक्षात आलं असावं, कारण ते बोलायचे थांबले, आणि हे पाणी आणायला गेल्यावर माझ्याकडे वळले.

मी विचारलं, हे इंजिन किती दिवस चालेल? ते म्हणाले, वहिनी, इंजिनाचं वय वर्षांत विचारू नका. वेळेवर तेल बदललं, ताकदीबाहेर माल भरला नाही, तापू दिलं नाही, तर चांगलं इंजिन लाखांनी किलोमीटर धावतं, मग उघडून नव्या रिंगा घातल्या की पुन्हा धावतं. पण ह्या गाडीचा मीटर कधीचा बंद, मालक तीन झालेले, दोनदा उघडून झालेलं. क्रँक, म्हणजे आतला मुख्य दांडा, घासून घासून शेवटच्या मापावर आला आहे. आतलं बेअरिंग झिजलंय, त्याचा हा ठोका.

“ठोका असाच आहे तोवर भिऊ नका,” ते म्हणाले. “ठोका बदलला की जागच्या जागी बंद करायचं.”

“आणि नाही केलं तर?”

“मग मला बोलावू नका. भंगारवाल्याला बोलवा.”

म्हणजे ट्रक जगायचा तर कुणीतरी ऐकत बसायला हवं होतं, आणि चालवणाऱ्याला ऐकू येत नव्हतं. ह्यांना तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. आधीच गिरणी गेलेली. आता तुमचे कानही गेलेत, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला आणि म्हटलं, मी येते ट्रकात. कित्याक, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खानावळ नाही, घरात जीव घुसमटतो, जरा मुंबई बघते. ह्यांना खरं तर आवडलं. लेक शाळेतून आली की शेजारच्या मावशींकडे जेवायची, अभ्यास करायची.

चाळीत बोलणी झालीच. बाईमाणूस ट्रकातून हिंडतं म्हणजे काय. समोरच्या खोलीतली एकजण म्हणाली, आता विडी पण ओढ. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्या खिशात उरली असली तर दे. त्यानंतर ती वर्षभर बोलली नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मुंबई बघायला मिळाली खरी. शिवडीची गोदामं, घोडपदेवच्या अरुंद गल्ल्या, ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास, वरळीला उतरताना अचानक दिसणारं पाणी. गिरणगावातून जाताना धूर नसलेल्या चिमण्या दिसायच्या आणि तेवढ्यापुरते आम्ही दोघंही दुसरीकडे बघायचो. पण माझं लक्ष सगळं पायाखालच्या आवाजाकडे. सकाळी तेल घट्ट असायचं तेव्हा ठोका दबलेला, दुपारी इंजिन तापलं की मोकळा. चढावर जड, उतारावर हलका. महिन्याभरात मला तो इतका ओळखीचा झाला की घरी आल्यावर त्याच्याशिवाय चुकल्यासारखं वाटायचं.

ह्यांनी त्या ट्रकला साच्यासारखंच वागवलं. रोज सकाळी सुताच्या बोळ्याने पुसायचा, तेलाची पट्टी काढून बघायची, मिस्त्रींनी सांगितलं त्याच्या आधीच तेल बदलायचं. जास्त माल भरायला साफ नकार. व्यापारी चिडायचे, दुसरा ट्रक बघायचे, आणि माल वेळेवर आणि सुका पोचतो म्हणून पुन्हा यायचे.

ठोक्यात जरा कुठे फरक वाटला की मी म्हणायची, थांबवा, मला मळमळतंय. हे थांबवायचे, मी उतरून रस्त्याच्या कडेला खोटं खोटं वाकायची, आणि तेवढ्यात चालू इंजिनाकडे कान करून पुन्हा ऐकायची. एकदा तर मडगार्डचा पत्रा वाजत होता. असं चारपाचदा झाल्यावर ह्यांनी मला परळच्या डॉक्टरकडे नेलं. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. दोन आठवडे मी त्या मुकाट्याने गिळल्या. तरी मळमळ थांबेना, तेव्हा एक दिवस स्टीअरिंगकडे बघत त्यांनी लाजत लाजत विचारलं की काही गोड बातमी आहे का. मी हसू दाबताना खोकले, आणि त्यांना वाटलं आता खोकलाही झाला.

वर्ष होत आलं असेल. शिवडीहून साखरेची पोती घेऊन आम्ही वरळीला निघालो होतो. भर दुपार. परळच्या पुलाचा चढ निम्मा झाला आणि आवाज बदलला. खलातली सुंठ संपावी आणि बत्ता नुसताच खलाच्या बुडावर आपटायला लागावा, तसा. मी म्हटलं, थांबवा, मळमळतंय. हे म्हणाले, पूल उतरू दे. मागे बस होती, हॉर्न वाजत होते. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, नुसता हात वर केला की जरा धीर धर. माझ्या मळमळीची त्यांना सवय झाली होती, आणि ती सवय मीच लावली होती.

मी त्यांचा दंड धरून त्यांना माझ्याकडे वळवलं आणि ओठ स्पष्ट हलवत ओरडले, “तुमका ऐकाक येणा नाय. ठोको बदललो. गाडी बंद करा.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि इंजिन बंद करायची मूठ ओढली. ट्रक पुलाच्या मधोमध उभा राहिला. त्यांनी उतरून चाकांमागे दगड लावले, परत येऊन बसले. मागून शिव्या चालू होत्या. हवालदार येताना दिसत होता. हे स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले.

“कधीपासून म्हायत आसा तुका?” त्यांनी विचारलं.

“पूजेच्या दिवसापासून.”

“आणि मळमळता ता?”

“ता सगळा खोटा.”

मग ते म्हणाले, “ट्रक बघूक गेलेलो, तेवा माका ठोको ऐकाक इलेलो गो. माका वाटला, माझ्या कानातलोच.”

मला कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं साच्यावर काढल्यावर त्यांच्या कानात साचा राहिला होता. घरी आले तरी चालू, जेवताना चालू, झोपेत चालू. संप झाला तेव्हा त्यांना वाटलं, चला, आता आठ-पंधरा दिवसांत हाही थांबेल. थांबला नाही. “गिरणी बंद पडली,” हे म्हणाले, “पण माझो साचो चालूच आसा.” त्यामुळे बाहेरचा आवाज कुठला आणि आपला कुठला, हे त्यांना सांगता येईना. मित्राचंही तसंच. दोघांनी ठक ठक ऐकली होती, आणि दोघांनीही ती आपापली समजून मान हलवली होती.

मी त्या पुलावर, हॉर्नच्या गदारोळात, ढसाढसा रडले. माझ्या पंगतीतली ती सोळा माणसं डोळ्यांसमोर आली. बोटं वर करून भात मागणारी. मला ती गंमत वाटायची. त्यातल्या किती जणांच्या कानात काय चालू होतं, कुणास ठाऊक.

मिस्त्री आले, ट्रक ओढून नेला. इंजिन उघडल्यावर म्हणाले, पूल उतरेपर्यंत चालवला असता तर आतला रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला असता. क्रँक वाचला होता. बेअरिंग बदलून भागलं. आठव्या दिवशी ट्रक पुन्हा रस्त्यावर आला आणि आता लपवाछपवी नव्हती. सकाळी निघताना हे विचारायचे, कसो वाजता? मी ऐकून सांगायची. आवाजात काही वाटलं की मी त्यांच्या मनगटावर हात ठेवायची, आणि हे एक शब्द न विचारता थांबवायचे.

असा तो ट्रक, ज्याला मिस्त्रींनी मनातल्या मनात सहा महिने दिले होते, असं मागाहून त्यांनीच सांगितलं, साडेसहा वर्षं चालला. संप मिटला असं आम्हाला शेवटपर्यंत कुणी येऊन सांगितलं नाही. लोकांनी आपापलं समजून घेतलं. गावाला आम्ही गेलो ते गणपतीला, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, पाहुण्यांसारखे. लेक त्या ट्रकवर दहावीपर्यंत पोचली. शेवटी निळा धूर यायला लागला, तेल पिऊ लागला. मिस्त्री म्हणाले, आता सिलिंडर कापून बोअर करायलाही जागा उरली नाही, विकून टाका. ह्यांना तोवर शिवडीच्याच एका गोदामात देखरेखीचं काम मिळालं होतं, पुढच्या महिन्यापासून. दुपारी एकजण येऊन ट्रक घेऊन गेला. वळणावर जाईपर्यंत आम्ही उभे होतो.

घरी आल्यावर मी चहा टाकला आणि म्हटलं, बरं झालं, निदान वेळच्या वेळी कळत गेलं आवाजाचं. हे बशीत चहा ओतत होते. म्हणाले की ठोका त्यांना कळायला लागला होता. कानाने नव्हे, पायाने. पॅडलवरच्या तळपायाला तो आधी कळायचा, मग मी हात ठेवायची. साच्याचंही तसंच असतं, जमिनीतून कळतं. फक्त ट्रकची भाषा समजायला वेळ लागला.

मी विचारलं, कधीपासून?

“तिसऱ्या वर्सापासून.”

मी हिशोब केला. म्हणजे साडेचार वर्षं माझी गरजच नव्हती. साडेचार वर्षं मी उन्हातान्हात, डिझेलच्या वासात, चाळीतल्या बायकांचे टोमणे खात त्या सीटवर बसले होते. मी म्हटलं, मग सांगलास कित्याक नाय?

“सांगलंय असतंय,” हे म्हणाले, “तर तू घराक रवलंस असतंस.”

आणि चहा प्यायला लागले.

मला इतका राग आला की बोलता येईना, आणि त्या रागातच इतकं बरं वाटलं की तेही दाखवता येईना. मी अबोला धरला. मी अबोला धरला आहे हे कळायला ह्यांना दीड दिवस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला दोघांनाही जाग आली, दोघांच्याही आंघोळी झाल्या, डबा भरून झाला, आणि मग लक्षात आलं की खाली ट्रक नाही. मी डबा हातात धरून दारात उभी राहिले. मग त्यांच्याकडे तोंड करून, नीट दिसेल असं विचारलं की आता रोज सकाळी कुठे जायचं.

त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि म्हणाले, चपला घाल.